सरोवरातले नि समुद्रातले 'राक्षस': दिसलं ते नेमकं कोणाचं अंग?

सागरगोटा

स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातली नेसी, कॅनडातल्या ओकानागन सरोवराचा ओगोपोगो, जुन्या खलाशांचे सागरी सर्प. हा विषय निघाला की चर्चा लगेच 'आहे' आणि 'नाही' अशा दोन तटांत जाते. इथे वेगळं करू या. पाहणाऱ्याने काहीतरी पाहिलं हे मान्य करून विचारू, की पाण्याबाहेर आलेला तो भाग कोणत्या प्राण्याच्या कोणत्या अवयवाशी जुळतो.

माझी पहिली कसोटी म्हणजे अंग कसं वाकतं. मासे, साप, मगरी पोहताना डावी-उजवीकडे वळवळतात. त्यांचा कणा वर-खाली कमान करायला घडलेलाच नाही. वर-खाली लवतो तो सस्तन प्राण्यांचा कणा: देवमासे, डॉल्फिन, पाणमांजरं. त्यामुळे 'एकामागोमाग तीन उंचवटे वर-खाली होत गेले' असं वर्णन आलं की साप, वाम किंवा कोणताही सरीसृप तिथेच बाद होतो. उरतात सस्तन प्राणी, एका ओळीत पोहणारे अनेक प्राणी, किंवा नुसत्या लाटा.

दुसरी कसोटी श्वासाची. हवा घेणारा मोठा प्राणी पुन्हा पुन्हा वर येणारच. लॉक नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब आहे आणि काठाने रस्ता आहे. तिथे प्लेसिओसॉरची (डायनोसॉरांच्या काळातले लांब मानेचे सागरी सरीसृप, नेसी म्हणजे तेच असं अनेक जण म्हणतात) जमात राहत असती तर दिवसातून शेकडो वेळा कुणाचं तरी नाक पाण्यावर दिसलं असतं. शिवाय प्लेसिओसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले आणि हे सरोवर दहाएक हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होतं. मानेच्या मणक्यांची रचना पाहता हंसासारखी उभी मान त्यांना धरताच येत नव्हती, हेही जीवाश्मांवरून दाखवलं गेलं आहे. म्हणून प्लेसिओसॉर या धाग्यापुरता बाजूला ठेवतो.

अभ्रक

सुरुवात छान. पण नेसी म्हणजे मोठी वाम असावी, अशी बातमी मध्यंतरी सगळीकडे होती. डीएनएवरून सिद्ध झालं म्हणे. त्यात तथ्य किती?

पाणकणीस

त्या बातमीतला पुरावा आणि मथळा यांत बरंच अंतर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले नील गेमेल यांच्या गटाने २०१८ मध्ये लॉक नेसच्या वेगवेगळ्या भागांतून आणि खोलींवरून पाण्याचे सुमारे २५० नमुने घेतले. सप्टेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पद्धत अशी: प्राणी पाण्यात सतत त्वचेच्या पेशी, श्लेष्मा, विष्ठा टाकत असतो. एक-दोन लिटर पाणी एक मायक्रॉनहून बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढायचं, गाळणीवर अडकलेला डीएनए सोडवायचा, ओळख पटवायला उपयोगी अशा ठरावीक जनुकांचे तुकडे वाढवायचे आणि माहितीसाठ्याशी ताडून पाहायचे.

चुका होतात त्या स्वच्छतेत. नमुना घेणाऱ्याच्या हाताचा, बोटीच्या तळाचा, आधीच्या सरोवरात वापरलेल्या बादलीचा डीएनए आत शिरतो. म्हणून प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली त्याच गाळणीच्या प्रक्रियेतून न्यावी लागते. त्या कोऱ्या नमुन्यात काही सापडलं, तर त्या फेरीतली ती नोंद धरायची नाही. दुसरी मर्यादा काळाची. पाण्यातला डीएनए काही दिवसांत ते काही आठवड्यांत विरतो. थंड, अंधाऱ्या पाण्यात जास्त टिकतो, उबदार आणि उन्हातल्या पाण्यात लवकर जातो. त्यामुळे मिळतं ते अलीकडचं चित्र. ओढ्यांतून वाहून आलेला डीएनएही त्यात येतो. लॉक नेसच्या पाण्यात माणूस, कुत्रा, मेंढी, हरीण हे सगळे सापडले ते यामुळेच.

सरीसृपाचा डीएनए मिळाला नाही. शार्क, स्टर्जन, मोठा कॅटफिश यांचाही नाही. वामेचा मात्र भरपूर मिळाला, जवळपास सगळीकडे. गेमेल यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की यावरून वामेचा आकार कळत नाही. डीएनए दहा हजार लहान वामांचा आहे की एका मोठीचा, हे गाळणी सांगू शकत नाही. युरोपीय वाम फार तर सव्वा मीटरच्या आसपास जाते. २०२३ मध्ये पकडलेल्या वामांच्या मोजमापांवरून फ्लो फॉक्सन यांनी गणित मांडलं. त्यात एक मीटरची वाम मिळण्याची शक्यता साधारण पन्नास हजारांत एक आली, आणि सहा मीटरची जवळपास शून्य.

म्हणजे 'तिथे वाम आहे' हे पक्कं. 'नेसी वाम आहे' हे त्यातून निघत नाही.

अभ्रक

मग लोक सहा-सात मीटर सांगतात ते कुठून येतं? सगळेच फुगवून सांगत नसतील.

वाळूची_रेघ

फुगवत नाहीत. डोळ्याला लांबी दिसतच नाही, दिसतो तो कोन. मोकळ्या पाण्यावर अंतराचा अंदाज द्यायला झाड, घर, खांब काही नसतं. आता हिशोब करा. एक किलोमीटरवर असलेली सहा मीटरची वस्तू आणि पन्नास मीटरवर असलेली तीस सेंटिमीटरची वस्तू, दोन्हींचा कोन तंतोतंत सारखा: ०.३४ अंश. साठ सेंटिमीटरवर धरलेल्या पट्टीवर ते साडेतीन मिलिमीटर भरतं. पूर्ण चंद्राच्या सुमारे दोन-तृतीयांश. आणि पोहणाऱ्या पाणकावळ्याची मान पाण्याबाहेर साधारण तीस सेंटिमीटर असते. अंग बहुतेक बुडलेलं, मान उभी, चोच किंचित वर, मग एकदम बुडी आणि पुन्हा वर येतो तो भलत्याच जागी. पाहणाऱ्याने अंतर चुकून एक किलोमीटर धरलं की त्याला 'सहा मीटर उंच मान' दिसली. त्याने सांगितलेला शब्दन् शब्द खरा, चुकलं ते फक्त अंतर.

छायाचित्र तपासतानाही हेच करायचं. कॅमेऱ्याची पाण्यापासूनची उंची माहीत असेल आणि वस्तू क्षितिजाच्या किती खाली आहे तो कोन मोजता आला, तर उंची भागिले त्या कोनाचा टॅन म्हणजे अंतर. दहा मीटर उंचीवरून एक अंश खाली दिसलेली वस्तू ५७० मीटरवर असते. लॉक नेसमध्ये मात्र खरं क्षितिज डोंगरामागे झाकलेलं असतं. समोरच्या काठाची रेषा क्षितिज धरली तर उत्तर चुकतं, कारण काठ क्षितिजाच्या खाली असतो.

हवेचाही वाटा आहे. थंड पाण्यावर उबदार हवा बसली की प्रकाश वाकतो आणि पाण्यावरची आडवी वस्तू उभी ताणलेली दिसते. मॅनिटोबा विद्यापीठाचे डब्ल्यू. एच. लेन यांनी १९७९ मध्ये 'सायन्स'मध्ये याच विषयावर लिहिलं होतं. अशा वेळी साधा ओंडका किंवा सीलचं डोकं खांबासारखं उभं राहतं.

गलबत

जैविक कारणं शोधण्याआधी लाटा वगळायला हव्यात. लॉक नेसमधून कॅलिडोनियन कालव्याची वाहतूक जाते, १८२२ पासून. ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीन मीटर वेगाने जाणाऱ्या बोटीच्या मागे तिरक्या लाटांची रांग सुटते. त्यांची लांबी येते साधारण चार मीटर. सरोवर सरासरी दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद धरलं, तर मध्यावरून ८०० मीटरवरच्या काठाशी पोचायला त्या लाटांच्या थव्याला एकोणीस-वीस मिनिटं लागतात. तोवर बोट साडेतीन किलोमीटर पुढे गेलेली असते. काठ उभे कड्यांचे असल्याने लाटा फुटत नाहीत, परततात. दोन्ही काठांवरून परतलेल्या लाटा मध्ये भेटल्या की चार-चार मीटरवर काळे उंचवटे जागच्या जागी वर-खाली होतात. पाणी आरशासारखं, बोट कुठेच नाही, आणि पीटमुळे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) पाण्याचा रंग मुळातच काळपट. 'तीन उंचवटे' ही वर्णनं वाचताना आधी तासाभरात बोट गेली होती का, हे विचारावं.

सागरगोटा

गलबत, हे फार महत्त्वाचं. लाटा वगळल्यावर उरणाऱ्या उंचवट्यांसाठी पाणमांजरं बघावीत. मादी आणि तिची दोन-तीन पिल्लं एका ओळीत पोहतात आणि प्रत्येक जण बुडी मारताना पाठीची कमान करतो. चार कमानी ओळीने म्हणजे दुरून एकच लांब अंग. पोहणारं हरीणही लक्षात ठेवा. मान आणि डोकं उभं, मागे पाठीचा जरासा फुगवटा. नेसीच्या 'डोक्यावर दोन लहान शिंगं' असल्याची जी वर्णनं आहेत, तिथे मी कान किंवा कोवळी शिंगंच धरतो. आपल्याकडे अंदमानात पोहणारा हत्ती पाहिला तर कळेल की सोंड वर, डोकं एक गोळा, पाठ दुसरा गोळा, मध्ये पाणी. हत्ती ठाऊक नसलेल्या माणसाने काय वर्णन केलं असतं, याची कल्पना करा.

उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांत स्टर्जन येतो. पाठीवर हाडांच्या टोकदार ढालींची ओळ, लांब थोबाड, तळाशी राहणारा आणि अधूनमधून पृष्ठभागाजवळ येणारा. पॅसिफिक बाजूचा पांढरा स्टर्जन सहा मीटरच्या आसपास गेल्याच्या नोंदी आहेत. अलास्काच्या इलियाम्ना सरोवराबाबत म्हणूनच त्याचं नाव घेतलं जातं.

दर्यावर्दी

सरोवरं झाली, आता समुद्र. इथे पुरावा जास्त भक्कम आहे, कारण प्रेतं हाती लागली.

२५ एप्रिल १९७७. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चच्या पूर्वेला झुइयो मारू या जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक कुजलेलं धूड आलं. लांबी दहा मीटरच्या आसपास, वजन अंदाजे १,८०० किलो. लहान डोकं, लांब मान, चार वल्ही, शेपूट. मासळी नासेल म्हणून कप्तानाने ते परत समुद्रात टाकायला लावलं. त्याआधी जहाजावरच्या मिचिहिको यानो यांनी छायाचित्रं काढली, मापं घेतली आणि पराच्या टोकाचे काही शिंगासारखे तंतू काढून ठेवले. छायाचित्रांनी जग हललं. उत्तर मात्र त्या तंतूंनी दिलं. त्यांतल्या अमिनो आम्लांचं प्रमाण शार्कच्या परात सापडणाऱ्या इलास्टॉयडिन या प्रथिनाशी आणि त्यातही बास्किंग शार्कच्या नमुन्याशी जुळलं. सरीसृपाच्या अंगात हे तंतू नसतात.

बास्किंग शार्क ही तोंड उघडं ठेवून प्लवक गाळून खाणारी प्रचंड मुशी. ती कुजते कशी हे नीट पाहायला हवं. तिच्या कल्ल्यांच्या फटी जवळजवळ पूर्ण डोक्याभोवती फिरतात, म्हणजे जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी मुख्य अंगाला फारशा भक्कम जोडलेल्या नसतात. कुजायला लागलं की तो सगळा भाग आधी गळतो. मागे राहते मेंदूची छोटी कूर्चेची पेटी आणि तिला जोडलेला उघडा कणा. झाली लहान डोक्याची लांब मान. शेपटीत कणा फक्त वरच्या पाळीत जातो, म्हणून खालची पाळी झडते आणि शेपूट दोरीसारखी उरते. छातीचे पर टिकतात, ती पुढची वल्ही. श्रोणीचे पर ही मागची. नर असेल तर त्याची दोन जननांगं मागे लोंबतात आणि प्राण्याला सहा पाय आहेत असं वाटतं. पाठीच्या पराची कातडी गेली की आतले तंतू मोकळे होतात, ती 'आयाळ'.

स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांत १८०८ मध्ये स्ट्रॉन्से बेटावर लागलेल्या धुडाला सहा पाय नि आयाळ दोन्ही होती. लांबी ५५ फूट सांगितली गेली. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ एव्हरार्ड होम यांनी मणके पाहून बास्किंग शार्क ठरवला आणि लांबीचं माप चुकीचं मानलं. मणके एडिनबरात आजही आहेत.

अभ्रक

आणि ते हाडं नसलेले पांढरे केसाळ गोळे? त्यांना 'राक्षसी ऑक्टोपस' म्हणत.

दर्यावर्दी

ते देवमाशाचे. स्पर्म व्हेल मेला, कातडी नि तेल गेलं, सांगाडा गळून तळाशी गेला, की कोलाजेन या तंतुमय प्रथिनाचं चिवट जाळं उरतं आणि तरंगत राहतं. कडा फाटतात, त्याचे 'हात' होतात. कोलाजेनचे धागे सुटतात, ते 'केस'. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला १८९६ मध्ये असा गोळा लागला तेव्हा येल विद्यापीठाच्या अॅडिसन व्हेरिल यांनी त्याला महाकाय ऑक्टोपस म्हणून नावही दिलं. ऊतक पाहिल्यावर त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं, पण आधीचं नाव लोकांच्या डोक्यात राहिलं. २००३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर १३ टनांचा गोळा लागला. सिडनी पिअर्स यांच्या गटाने २००४ मध्ये त्याचा डीएनए स्पर्म व्हेलशी जुळवला आणि जुन्या गोळ्यांचे जपलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तेही देवमाशाचंच कोलाजेन असल्याचं दाखवलं.

पाणकणीस

मृत प्राण्यांचं पटलं. पण जिवंत पाहिलेल्यांचं काय? सगळंच देवमाशावर ढकलणंही बरोबर नाही. एचएमएस डीडॅलस या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट १८४८, केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना यांच्या मध्ये. कप्तान मक्हे आणि अधिकाऱ्यांनी दिवसाउजेडी वीस मिनिटं पाहिलं. डोकं पाण्याच्या चार फूट वर, साठ फूट अंग पृष्ठभागाशी, ताशी १२ ते १५ मैल वेग, गळा पिवळसर पांढरा. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तो एलिफंट सील असल्याचं सांगितलं, पण सील साठ फूट कसा दिसेल?

दर्यावर्दी

ओवेन यांचं उत्तर मलाही पटत नाही. पण त्याच अहवालातली एक गोष्ट निर्णायक आहे. त्या अंगाने आडवी किंवा उभी कसलीच वळवळ केली नाही, असं कप्तानाने लिहिलं. वळवळ न करता बारा मैलांनी जाणारा साप असू शकत नाही. ढकलणारा अवयव पाण्याखाली असणार, म्हणजे देवमाशाची आडवी शेपटी. गॅरी गालब्रेथ यांनी २०१५ मध्ये सेई देवमासा सुचवला. सेई पृष्ठभागाशी तोंड उघडून प्लवक गाळतो, तेव्हा अरुंद, चपटा वरचा जबडा तिरका पाण्याबाहेर राहतो आणि सापाच्या डोक्यासारखा दिसतो. तोंडाखालची बाजू फिकट असते. हे सगळं एकत्र जुळतं.

मिशनरी हान्स एगेडे यांचं १७३४ चं ग्रीनलंडजवळचं दर्शनही असंच. देवमाशासारखा फवारा, रुंद वल्ही, आणि बुडताना शरीरापासून बऱ्याच अंतरावर वर आलेली सापासारखी शेपटी. पॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की ती शेपटी म्हणजे उत्तेजित नर देवमाशाचं शिश्न असू शकतं. समागमाच्या वेळी नर उताणा होतो आणि मोठ्या देवमाशांत ते दोन मीटरच्या आसपास भरतं. ऐकायला विचित्र वाटलं तरी शरीररचनेच्या दृष्टीने हे नेमकं आहे.

गलबत

यात जाळ्यात अडकलेले प्राणी जोडा. १८१७ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरात अनेकांनी जो सर्प पाहिला, त्याची उपमा दोरीत ओवलेल्या पिंपांची होती. रॉबर्ट फ्रान्स यांचं म्हणणं असं, की मोठा मासा किंवा देवमासा दोर नि तरंगणारी पिंपं ओढत असेल तर नेमकं हेच दिसतं. उंचवटे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, आणि कधी वेगात, कधी थांबून.

तिथली पुढची चूकही शिकण्यासारखी. काही आठवड्यांनी जवळच्या शेतात पाठीवर उंचवटे असलेला तीनेक फुटी साप मारला गेला. न्यू इंग्लंडच्या लिनीयन सोसायटीने त्याला सागरी सर्पाचं पिल्लू समजून 'स्कोलिओफिस अटलांटिकस' असं नवं नाव दिलं. तो साधा काळा जमिनीवरचा साप होता, कण्याला विकृती आलेला.

पाणकणीस

डाना या डॅनिश सागरी संशोधन मोहिमेत सापडलेल्या अळीची गोष्टही तशीच. १९३० मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ वामेच्या अळीसारखी पारदर्शक अळी मिळाली, लांबी १.८ मीटर. साध्या वामेची अळी सात-आठ सेंटिमीटरची असते आणि तिची मीटरभर वाम होते. त्याच प्रमाणाने ही वीस-तीस मीटर होणार, असा हिशोब लोकांनी केला. १९७० मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी दाखवलं की ही काटेरी वामांच्या गटातली अळी. या गटात वाढ बहुतेक अळी असतानाच होते, रूपांतरानंतर प्राणी फारसा वाढत नाही. त्रैराशिक बरोबर होतं, ते वेगळ्याच गटाला लावलं गेलं.

ओअरफिशबद्दल थोडक्यात: आठ मीटरपर्यंत लांबी, चंदेरी फीत, डोक्यावर लाल तुरा. 'लाल आयाळीचा सर्प' याला तो पुरेसा आहे. पण तो अंग सरळ ठेवून फक्त पाठीचा पर लहरवतो आणि पृष्ठभागावर दिसतो तो बहुधा मरणासन्न. वेगाने जहाजाला मागे टाकणाऱ्या सर्पाला ओअरफिश लावू नये.

अभ्रक

कोकण किनाऱ्यावर असं काही लागलं तर ओळखायचं कसं? रेवदंड्याला २०१५ मध्ये निळा देवमासा लागला होता, जुहूला २०१६ मध्ये ब्रायड्स व्हेल. ते ताजे होते म्हणून कळले.

दर्यावर्दी

मणका बघा. मुशीचा मणका दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट, कूर्चेचा, त्यात वर्तुळं, बाजूचे काटे गळून गेलेले. देवमाशाचा मणका खऱ्या हाडाचा, सच्छिद्र, टोकं सपाट, बाजूला लांब पंखासारखी हाडं. वाळूत सुटी, लांब, वाकडी दोन हाडं दिसली तर ती बरगडी किंवा सुळा समजू नका, बहुधा खालच्या जबड्याचे दोन अर्धे असतात. लांबी टेप सरळ जमिनीवर ठेवून मोजा, अंगाच्या गोलाईवरून नाही. छायाचित्रात माप कळणारी वस्तू प्राण्याच्या शेजारी, त्याच अंतरावर ठेवा. पुढे ठेवली तर प्राणी लहान दिसतो, मागे ठेवली तर मोठा.

फुगलेल्या देवमाशाजवळ जाऊ नका आणि त्याला टोचू तर मुळीच नका. आत दाबाखाली वायू असतो. देवमासे आणि व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा, दात, अंबरग्रीस (स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा मेणासारखा पदार्थ) काहीही घरी नेणं गुन्हा आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.

वाळूची_रेघ

नमुना ते घेतील, पण तो कसा घ्यावा हे ठाऊक असलेलं बरं, कारण अनेक जुनी प्रकरणं इथेच बिघडली. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. त्याने ऊतकाचा आकार टिकतो, पण डीएनए प्रथिनांशी बांधला जाऊन तुटतो. सेंट ऑगस्टीनचा तुकडा असाच जपला गेला आणि डीएनए चाचणीला निरुपयोगी झाला. सुपारीएवढा तुकडा, वरची कुजलेली बाजू काढून आतला घ्यायचा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या किमान पाचपट. ऊतकातलं पाणी सुटून इथेनॉल पातळ होतं, म्हणून चोवीस तासांनी ते ओतून नवं घालायचं. तारीख, जागा, शरीराचा कोणता भाग, हे जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.